कर्नल बदलला आणि प्रोग्राम गप्प झाला: खापर कुणाच्या डोक्यावर?

घुबड (धागाकर्ती)

मंडळी, तीन रात्री या एकाच गोष्टीत गेल्या, म्हणून शेवटी धागा काढते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला.

प्रकार असा. एका यंत्राशेजारी लिनक्सवर चालणारी छोटी पेटी बसवलेली आहे. तिच्यात दोन प्रोग्राम. पहिला सेन्सर वाचतो आणि सेकंदाला एक नोंद पाइपमध्ये (दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या कर्नलमधल्या नळीत) टाकतो. दुसरा पाइपमधून नोंद उचलतो, थोडी आकडेमोड करतो, डेटाबेसमध्ये लिहितो. नोंद नेमकी ५१२ बाइटांची. कोड माझ्या आधीच्याच्या आधीच्या माणसाचा. सहा वर्षं कुणी हात लावलेला नाही, कारण लावायची वेळच आली नाही.

पेटी पुरवणाऱ्यांनी नवं सॉफ्टवेअर पाठवलं, त्यात कर्नल ५.४ चा ५.१० झाला. आमच्या प्रोग्रामांत एक अक्षर बदललेलं नाही, त्याच बायनरी (कंपाइल केलेल्या फाइली). आणि आता रोज कधीतरी दुसरा प्रोग्राम गप्प होतो. मरत नाही, सीपीयू खात नाही, लॉगमध्ये एरर नाही. नुसता बसून राहतो. दोनेक मिनिटांनी पहिलाही थांबतो. रीस्टार्ट केलं की दोघे ठणठणीत. (रात्री दोनला दोघांना रीस्टार्ट करणारी एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी आज्ञा, पूर्वीपासून आहे, त्यामुळे उजाडताना सगळं ठीक असतं आणि मी कामावर पोचेपर्यंत गेलेलं असतं.)

काल अडकलेल्या अवस्थेत दोघांचे कर्नल स्टॅक पाहिले. पहिला पाइपमध्ये लिहिता लिहिता थांबलाय, दुसरा ईपोलमध्ये, म्हणजे ‘काही आलं की उठव’ असं कर्नलला सांगून, वाट बघतोय. म्हणजे एक जण पाइपमध्ये जागा व्हायची वाट बघतोय आणि दुसरा पाइपमध्ये काही यायची. पाइप एकच!

पुरवठादार म्हणतो तुमचा प्रोग्राम तपासा. आमचे साहेब म्हणतात कर्नल बदलला, म्हणजे कर्नलची चूक. मला दोन्ही धड पटत नाही.

अर्धाबाइट

वाखूसा (वाचनखूण साठवली). भांडण होणार, पुढच्या बाकावर जागा धरतो.

पेंग्विनपाळ

दोनच प्रश्न. ईपोल एज-ट्रिगर्ड लावलाय का? आणि जाग आली की एकदाच रीड करता, की ईअगेन (‘आता आत काही नाही’ हा निरोप) येईपर्यंत?

घुबड

एज-ट्रिगर्ड. आणि एकदाच, ५१२ बाइट. वर कॉमेंटही आहे: ‘सेकंदाला एकच नोंद येते, लूप कशाला’.

पेंग्विनपाळ

मग सापडला चोर. जरा लांबण लावतो, पण मजेशीर आहे.

एज-ट्रिगर्ड म्हणजे ‘स्थिती बदलली की एकदा घंटा वाजवीन, पाइपमध्ये काही पडून आहे म्हणून पुन्हा पुन्हा वाजवणार नाही’. आता पाइपची स्थिती बदलली असं कधी म्हणायचं? जुना कर्नल प्रत्येक राइटला घंटा वाजवायचा, पाइपमध्ये आधीचं काही असो वा नसो. डिसेंबर २०१९ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्सने, लिनक्सच्या जनकाने, पाइपचा हा भाग साफ केला. पाइप आधीच भरलेला असेल तर वाचणाऱ्याला उठवायचं कारण काय, तो उठलेलाच असणार, असा सरळ विचार. जानेवारी २०२० च्या ५.५ मध्ये हा बदल आला. घंटा आता फक्त रिकाम्याचं भरलेलं होतानाच वाजायला लागली.

तुमचा वाचक डेटाबेसमध्ये दोन सेकंद अडकला, तेवढ्यात ब आणि क अशा दोन नोंदी आल्या. घंटा ब साठी वाजली. वाचकाने ५१२ बाइट उचलले, क आत राहिली. आता पाइप कधीच रिकामा होत नाही, म्हणून कधीच घंटा नाही. लिहिणारा भाबडेपणाने भरत राहतो. पाइपची क्षमता एरवी ६५,५३६ बाइट, म्हणजे तुमच्या १२८ नोंदी. सेकंदाला एक या हिशेबाने दोन मिनिटं आठ सेकंद. तुमचं ‘दोनेक मिनिटांनी पहिलाही थांबतो’ तंतोतंत जुळलं.

हे फक्त तुमचं नाही. २०२१ मध्ये अँड्रॉइडवर हाच पेच आला. रेल्म नावाची डेटाबेस लायब्ररी पाइप रिकामा न करता दर राइटला नवी जाग येईल असं धरून बसली होती, आणि ती लायब्ररी कितीतरी ॲपच्या पोटात होती. ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ मध्ये जुनी वागणूक परत आणली, स्थिर शाखांतही, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांतही, ती गेली, ५.१० मध्येसुद्धा. तुमच्या पेटीतला ५.१० त्याआधीचा असणार. तिसरा आकडा बघा.

घुबड

बघितला. ५.१०.१७. अरे देवा.

पेंग्विनपाळ

हं. फेब्रुवारी २०२१ चा. पुरवठादाराने ताजा ५.१० दिला तर तुमचा कोड न बदलता चालू लागेल.

कट्टरमॅन्युअल

चालू लागेल, पण चुकीचाच राहील. ईपोलचं मॅन पेज (सोबतचं माहितीपान) उघडा. त्यात उदाहरणच हे आहे: पाइपमध्ये दोन किलोबाइट लिहिले, वाचणाऱ्याने एकच उचलला, पुन्हा ईपोलवर थांबला तर तो बहुधा लटकेल, आत डेटा असूनही. पाइपचंच उदाहरण! कागदावर लिहून ठेवलेल्या खड्ड्यात पाय घालायचा आणि रस्ता करणाऱ्याला शिव्या द्यायच्या, हे बरं आहे. शिवाय ५.५ चा बदल अगदी रास्त होता. नको तिथे प्रोसेस उठवत बसणं म्हणजे वाया गेलेलं काम. आता एका लायब्ररीच्या आळसापायी ते जगभरच्या मशीनांनी सोसायचं का?

जुनंखोड

मॅन्युअलराव, त्याच पानावर थोडं खाली या. डेटाचे तुकडे एकामागून एक आले तर एज-ट्रिगर्डमध्येही अनेक घटना येऊ शकतात, असंही तिथेच लिहिलंय. ‘येऊ शकतात’. येतीलच असं नाही, येणार नाहीत असंही नाही. दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा मजकूर. माणूस अशा वेळी काय करतो? चालवून बघतो. प्रत्येक राइटला जाग आली, दहा वर्षं येत राहिली. मग त्याच्या दृष्टीने तोच नियम झाला.

आणि सगळ्यांनी सोसण्याबद्दल म्हणाल तर तसं झालेलं नाही. ५.१४ मध्येच ते आवरलं: पोल किंवा ईपोल लावलेल्या पाइपपुरतीच जुनी वागणूक ठेवली, साधं रीड-राइट करणाऱ्यांना ५.५ चा फायदा तसाच मिळतो.

शंकासुर

मला एक मूलभूत शंका. लिनक्सचा तर ‘युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) मोडायचं नाही’ असा नियम आहे ना? मग ५.५ मध्ये मोडलं कसं? आणि नियम करणाऱ्यानेच?

जुनंखोड

नियम म्हणजे काही मोडणारच नाही असा दैवी वर नव्हे हो. मोडलं असं कुणी दाखवून दिलं, तर ‘तुझा प्रोग्राम चुकीचा होता’ हे उत्तर चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २०१२ मध्ये यावरून मोठा तमाशा झाला होता. व्हिडिओच्या भागातल्या एका बदलाने एक आयऑक्टल (उपकरणाला आज्ञा द्यायचा कॉल) भलताच एरर कोड द्यायला लागला, आवाजाचे प्रोग्राम बिघडले. सांभाळणाऱ्याने ॲप्लिकेशनकडे बोट दाखवल्यावर लिनसने त्याची जाहीर बिनपाण्याने केली. भाषा मला आजही आवडत नाही, मुद्दा मात्र पटतो.

पण मोडलंय हे कळायला कुणीतरी ओरडावं लागतं. ५.५ आणि ५.१४ यांच्यात दीड वर्ष गेलं ते त्यामुळे. रेल्मचे वापरकर्ते फोनवर, फोनवरचे कर्नल जुने. नवा कर्नल हातात पडेपर्यंत कुणाला पत्ताच नाही.

माझं लाडकं उदाहरण देतो. प्रॉकमधल्या, प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो फाइलीत बोगोमिप्स नावाचा आकडा असतो. बूट होताना एक रिकामं लूप किती वेगाने फिरतं ते मोजून काढलेला. त्याच्या नावातच बोगस आहे! एआरएम प्रोसेसरांवर तो निरर्थक झाला म्हणून ती ओळ काढून टाकली. तर ती वाचणारे प्रोग्राम निघालेच. जानेवारी २०१५ मध्ये ओळ परत आली. आकड्याला अर्थ नाही, पण ओळ आहे.

अर्धाबाइट

बोगस आकड्यावर खरोखरचं अवलंबून! साष्टांग दंडवत.

कट्टरमॅन्युअल

हसा. पण यालाच मी कर्नलचं अडगळघर म्हणतो. हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही करारात काय लिहिलंय याला किंमत उरत नाही, बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वागणुकीवर कुणी ना कुणी टेकलेलं असतं. हे निरीक्षण म्हणून शंभर टक्के मान्य. पण त्यावरून ‘म्हणून काहीच बदलू नका’ हा निष्कर्ष कुठून निघाला? वेगसुद्धा दिसणारी वागणूक आहे. उद्या कुणी म्हणेल डिस्क जलद झाली म्हणून माझा प्रोग्राम मोडला.

जुनंखोड

तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण ते घडलंय. सप्टेंबर २०१९, कर्नल ५.३ यायच्या बेतात. एक्स्ट४ या फाइलसिस्टममध्ये एक सुधारणा झाली, बूट होताना डिस्ककडे कमी फेऱ्या मारायची. निखळ चांगलं काम. आणि काही मशीनं बूटच होईनात.

का? कर्नल यादृच्छिक आकड्यांसाठी डिस्कच्या इंटरप्टच्या (‘काम झालं’ म्हणून मारलेल्या हाकांच्या) अनियमित वेळा गोळा करतो. फेऱ्या कमी, इंटरप्ट कमी, म्हणून साठा भरेना. लॉगिनच्या वाटेवरचा एक प्रोग्राम गेटरँडम या कर्नलच्या कॉलकडे आकडे मागून बसलेला. गेटरँडम म्हणतो साठा भरला की देतो. प्रोग्राम देईपर्यंत हलणार नाही. आणि तो हलल्याशिवाय मशीनवर काही घडणार नाही, म्हणजे नवे इंटरप्ट नाहीत. रामभरोसे.

यात चूक कुणाची ते शोधून दाखवा. एक्स्ट४ ची? नाही. गेटरँडम तर लिहिल्याप्रमाणेच वागत होतं. तरीही लिनसने ५.३ च्या आधी एक्स्ट४ ची ती सुधारणा मागे घेतली. ५.४ मध्ये, साठा भरला नसेल तर कर्नलने स्वतःच सीपीयूच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून तो भरायचा अशी सोय केली आणि सुधारणा परत घेतली. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी लोकांची मशीनं चालू करा, मग वाद घाला.

शंकासुर

हे भन्नाट आहे. म्हणजे डिस्कचा संथपणा हासुद्धा कराराचा भाग होता, फक्त कुणी सही केली नव्हती.

कट्टरमॅन्युअल

ठीक, ५.३ चं मान्य. पण एक्स्ट४ चंच २००९ चं प्रकरण घ्या, तिथे मी हटणार नाही. त्याआधीचा एक्स्ट३ दर पाच सेकंदांनी सगळं डिस्कवर नेऊन ठेवायचा. डेस्कटॉपवाल्यांना सवय लागली: सेटिंगची फाइल उघडा, कापून शून्य करा, नवीन लिहा, बंद करा. एफसिंक (‘आत्ताच डिस्कवर लिही’ ही आज्ञा) कोण करतोय! एक्स्ट४ आला, त्याने जागा द्यायचं काम लांबणीवर टाकलं, कारण त्यात वेग आहे. मशीन मधेच बंद पडलं की सेटिंगच्या फाइली शून्य बाइटांच्या. लोकांनी एक्स्ट४ सांभाळणाऱ्या टेड त्सो यांना धारेवर धरलं. ते म्हणाले, पॉझिक्स या मानकात कुठेही लिहिलेलं नाही की एफसिंक न करता डेटा टिकेल. बरोबर म्हणाले.

पेंग्विनपाळ

बरोबर म्हणाले, आणि तरी पॅच लिहिला त्यांनीच. फाइल कापून पुन्हा लिहिली किंवा नव्या फाइलीचं नाव बदलून जुनीवर बसवली, की डेटा लगेच रवाना करायचा, अशी युक्ती २.६.३० मध्ये आली.

आणि लोक एफसिंक का करत नव्हते तेही सांगा की. एक्स्ट३ वर एका छोट्या फाइलीचा एफसिंक म्हणजे अख्ख्या फाइलसिस्टमचा साचलेला डेटा खाली उतरवणं. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने प्रामाणिकपणे एफसिंक केला तर ब्राउझर सेकंदसेकंद गोठायचा, आणि शिव्या त्यालाच. म्हणजे कागद म्हणतो एफसिंक करा, आणि प्रत्यक्ष सिस्टम करणाऱ्याला शिक्षा देते. अशा वेळी लोक कागदाचं ऐकतील की शिक्षेचं?

कट्टरमॅन्युअल

...हा मुद्दा मी विसरलो होतो. नोंद घेतली.

अर्धाबाइट

मॅन्युअलराव नरमले! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

खिडकीबहाद्दर

लिनक्सवाल्यांचं कौतुक संपलं असेल तर विंडोजकडे या. हा खेळ तिथे जास्त वर्षं चाललाय.

सुरुवात आवृत्तीच्या आकड्यापासून. विंडोज ९५ ची खरी आवृत्ती ४.०. पण जुने प्रोग्राम तपासणीत घोळ घालायचे, म्हणून आवृत्ती विचारली की जुन्या प्रोग्रामांना ते ३.९५ असं सांगायचं. विंडोज ७ चा आतला आकडा ६.१, कारण व्हिस्टा ६.० होती आणि पहिला आकडा हलवला की अर्धी दुनिया ‘ही सिस्टम चालणार नाही’ म्हणून बसली असती. ८.१ पासून तर, प्रोग्रामने आपल्याला नवी सिस्टम माहीत आहे असं मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीफाइलीत) लिहिलं नसेल, तर त्याला जुनाच आकडा सांगितला जातो. खोटं बोलणं ही तिथे सोय आहे.

पेंग्विनपाळ

इकडेही आहे ती सोय. २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० आला. बदल काही नाही, नुसता आकडा. ‘२.६’ शोधणारे प्रोग्राम गडगडले. मग ‘मला २.६.४० च्या पुढचं काहीतरी सांग’ असं कर्नलला सांगायची सोय केली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ या शाखा २५६ व्या दुरुस्तीवर पोचल्या. तिसऱ्या आकड्याला आठच बिट, २५५ च्या पुढे तो सांडून दुसऱ्या आकड्यात गेला असता. म्हणून तीन आकड्यांचा एक आकडा करणारा मॅक्रो तिसऱ्या आकड्यासाठी २५५ वरच थांबवला.

खिडकीबहाद्दर

हा हा. तर पुढे. जानेवारी २०१८, मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीची दुरुस्ती. कर्नलचा मेमरी नकाशा युजरच्या नकाशातून वेगळा काढावा लागला. काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत असे हात घालत होते की ज्याला कुठलाच अधिकृत आधार नव्हता. दुरुस्ती बसली की निळा पडदा, काही मशीनं बूटही होईनात. तेव्हा मायक्रोसॉफ्टने अशी अट घातली की अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत एक ठरावीक नोंद करून ‘मी सुसंगत आहे’ असं सांगायचं, मगच त्या मशीनला सुरक्षा अपडेट मिळेल. म्हणजे संरक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे संरक्षण अडलं.

आणि अगदी ताजं: विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती. जीटीए सॅन अँड्रियास या वीस वर्षं जुन्या खेळात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. २४एच२ वर ते गायबच. २०२५ मध्ये एका खटपट्याने मुळाशी जाऊन बघितलं. वाहनांच्या माहितीच्या फाइलीत स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडेच नाहीत. वाचणारा कोड ते वाचायचा प्रयत्न करतो, मिळत नाहीत, आणि व्हेरिएबलांना आरंभीची किंमतही दिलेली नाही. मग किंमत काय? स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) आधीच्या वाहनाची राहिलेली. वीस वर्षं स्किमरने शेजारच्या गाडीची चाकं उसनी घेतली! २४एच२ मध्ये क्रिटिकल सेक्शनचा (एका वेळी एकानेच चालवायच्या भागाच्या कुलपाचा) कोड बदलला, तो स्टॅकची थोडी जास्त जागा वापरतो, त्यात ते उसने आकडे पुसले गेले आणि विमान कल्पनेपलीकडच्या उंचीवर भिरकावलं गेलं.

आता सांगा, स्टॅक किती वापरायचा हे कुठल्या कागदावर लिहायचं?

अर्धाबाइट

ग्लिबसी या सी लायब्ररीतल्या मेमकॉपीचं (मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनचं) पण सांगा कुणीतरी. कर्नलने कॉपी उलट्या दिशेने सुरू केली आणि फ्लॅशमधला आवाज खरखरायला लागला ते.

पेंग्विनपाळ

ते ग्लिबसीच, कर्नल नव्हे. २०१०, फेडोरा १४. मेमकॉपीला एकमेकांवर चढलेले तुकडे देऊ नयेत, त्यासाठी मेममूव्ह आहे, हे सगळीकडे लिहिलेलं. फ्लॅश देत होता. दिशा बदलेपर्यंत चाललं. त्या वेळी लिनस स्वतः बग धाग्यात उतरून फ्लॅशच्या वापरणाऱ्यांची बाजू घेत होता. शेवटी ग्लिबसीने तोड काढली: जुन्या बायनरींना जुनी वागणूक, २.१४ पासून नव्याने जोडलेल्यांना नवी.

पण यावरून आठवलं, करार नेमका कुठल्या उंबऱ्यावर असतो हेही प्रत्येक सिस्टममध्ये वेगळं. लिनक्समध्ये सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलला थेट केलेली विनंती) हाच उंबरा. मॅकवर तसं नाही, तिथे उंबरा म्हणजे लिबसिस्टम लायब्ररी, तिच्यामागचे सिस्टम कॉल ॲपल केव्हाही बदलू शकतं. गो भाषेचे प्रोग्राम लायब्ररी टाळून थेट सिस्टम कॉल करायचे. २०१६ मध्ये मॅकची सिएरा आवृत्ती आली, वेळ विचारायच्या कॉलची आतली रीत बदलली, आणि आधी बांधलेले गो प्रोग्राम कोसळायला लागले. २०१८ च्या गो १.११ पासून मॅकवर लिबसिस्टम वापरायला सुरुवात झाली. विंडोजमध्ये तर सिस्टम कॉलचे क्रमांकच बिल्डगणिक बदलतात.

शंकासुर

मग मॅकवाल्यांचं बरं की. लायब्ररी मधे असली की आत हवं ते बदलता येतं.

जुनंखोड

बरं म्हणायचं तर ओपनबीएसडीचं म्हणा. ते कर्नल, लायब्ररी, सगळं एकत्र बांधतात. वेळेचा आकडा ६४ बिटांचा करायचा ठरवला तेव्हा २०१४ च्या ५.५ आवृत्तीत एका झटक्यात केला, जुन्या बायनरी चालणार नाहीत म्हणाले आणि विषय संपला. वापरणारे मोजके आणि तयारीचे असले की हे परवडतं. फोनवर ॲप टाकणाऱ्याला ‘पुन्हा कंपाइल करून घ्या’ असं कुणी सांगायचं?

खिडकीबहाद्दर

आणि मधे लायब्ररी ठेवून लोक थांबतात थोडेच. विंडोजवरचे काही खेळ थेट सिस्टम कॉल करतात. त्यांना लिनक्सवर वाइनमधून चालवता यावं म्हणून लिनक्सच्या ५.११ मध्ये असे कॉल अडवून वाइनच्या हाती द्यायची खास सोय केली गेली. एका सिस्टमच्या न लिहिलेल्या वागणुकीसाठी दुसऱ्या सिस्टमच्या कर्नलमध्ये कोड!

पेंग्विनपाळ

कर्नलवाले आधीच सावध झाल्याचंही एक उदाहरण आहे. ६४ बिटांच्या एक्स८६ वर प्रोग्रामला ४७ बिटांचा पत्ता मिळायचा, वरचे बिट रिकामे. ती रिकामी जागा बघून भाषांच्या इंजिनांनी त्यात स्वतःच्या खुणा ठेवायला सुरुवात केली. पाच पातळ्यांचं पेजिंग (मेमरीचे पत्ते शोधायची नवी, मोठी रीत) आलं तेव्हा पत्ता ५६ बिटांपर्यंत जाऊ शकत होता. लिनक्सने तो आपणहून कुणालाच दिला नाही. मेमरी मागायच्या एममॅप कॉलला मुद्दाम वरचा पत्ता सुचवला तरच मिळतो. फायदा हवा असेल तर हात वर करा.

मेमरीच्या पानाच्या (कर्नल मेमरी वाटतो त्या तुकड्याच्या) मापाचं मात्र तसं जमलं नाही. ४०९६ हा आकडा कोडमध्ये इतक्या ठिकाणी ठोकून बसवलाय की १६ किलोबाइटची पानं वापरणाऱ्या कर्नलवर जेमॅलॉकसारख्या मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीचे जुने बिल्ड सुरूच होत नाहीत. माप सिस्टमला विचारायची सोय पहिल्यापासून होती. विचारलं कुणी?

कट्टरमॅन्युअल

विचारलं नाही कारण उत्तर कायम तेच यायचं. म्हणून माझं म्हणणं, उत्तर मुद्दाम अधूनमधून बदलत राहावं. चाचणीच्या कर्नलमध्ये तरी ईपोलने फुकटच्या घंटा देऊ नयेत, रीडने कधी अर्धेच बाइट द्यावेत. आळशी कोड पहिल्याच दिवशी तोंडावर आपटेल, सहा वर्षांनी नाही. हे चूक कुणाची ठरवत बसण्यापेक्षा स्वस्त.

जुनंखोड

चाचणीच्या कर्नलपुरतं असेल तर माझी हरकत नाही. चला, कशावर तरी एकमत झालं.

शंकासुर

घुबडताई कुठे गेल्या? शेवटी काय केलंत, कर्नल बदलला की कोड?

घुबड

इथेच आहे, सगळं वाचतेय. पुरवठादाराला ताजा ५.१० मागितलाय, तो येईल तेव्हा येईल. मी कोडच बदलला. ईअगेन येईपर्यंत रीड, जेमतेम सहा ओळी. काल दिवसभर चालवलं, एकदाही अडकला नाही.

पण त्यातून वेगळंच भूत निघालं. प्रत्येक नोंदीत सेन्सरची वेळ असते, आणि डेटाबेसमध्ये लिहिल्याची वेळ वेगळी. नव्या कोडमध्ये दोन्हींत एखाद्या सेकंदाचाच फरक. सहज म्हणून जुन्या, म्हणजे ५.४ च्या काळातल्या नोंदी काढल्या. सकाळी फरक एक सेकंद. दुपारी सतरा. रात्री साठ, सत्तर.

कागद घेऊन बसले तेव्हा उलगडलं. जुना कर्नल दर राइटला घंटा वाजवायचा, पण वाचक डेटाबेसमध्ये अडकलेला असताना दोन नोंदी आल्या तर दोन्ही मिळून एकच घंटा. एक उचलली, एक मागे राहिली. पुढच्या घंटेला मागची उचलली, नवी मागे राहिली. म्हणजे वाचक कायमचा एक नोंद मागे. पुन्हा अडकला की दोन मागे. हा फरक दिवसभर वाढतच जाणार, कमी व्हायला वावच नाही. म्हणजे ‘चालत होतं’ तेव्हाही ते चालत नव्हतं. संध्याकाळच्या नोंदी मिनिटभर शिळ्या होत्या आणि आम्ही त्याला थेट माहिती म्हणत होतो.

कट्टरमॅन्युअल

आणि १२८ पर्यंत पोचला असता तर ५.४ वरही हाच तिढा पडला असता. पाइप भरला, लिहिणारा अडकला, नवा राइट नाही म्हणून घंटा नाही. कसा काय नाही पोचला सहा वर्षांत?

घुबड

तेच शोधत होते. रात्री दोनची ती क्रॉन. रीस्टार्ट झाला की पाइप नवा, मागे राहिलेल्या नोंदी हवेत, मोजणी शून्यापासून. रोज साठसत्तर नोंदी गिळत होती ती, कुणाला कळलंही नाही.

क्रॉनच्या फाइलीत आज पहिल्यांदा वर जाऊन बघितलं. त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंट आहे, तारीख सहा वर्षांपूर्वीची, प्रोग्राम बसवल्यानंतर नऊ दिवसांनी: ‘दोन-तीन दिवसांनी अडकतो. का ते कळलं नाही. रोज रीस्टार्ट केला की ठीक चालतो.’